वर्गणीदारांचा महाराष्ट्र

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, ही तारीख शाळकरी मुलालाही पाठ असते. ते कसे आले आणि त्यासाठी किती माणसांनी प्राण वेचले, हेही बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ज्या राज्यासाठी ही माणसे रस्त्यावर उतरली ते राज्य त्यांनी त्यापूर्वी कधी पाहिलेलेच नव्हते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. इंग्रजी अमदानीतल्या नकाशावर महाराष्ट्र नावाचा प्रांत शोधू गेल्यास तो सापडणार नाही. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी हे जिल्हे मुंबई इलाख्यात. नागपूर आणि वऱ्हाड मध्यप्रांतात. औरंगाबाद, बीड, नांदेड निजामाच्या राज्यात. गोवे पोर्तुगिजांच्या ताब्यात. आणि मधल्या जागेत कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, सावंतवाडी अशी लहानमोठी संस्थाने विखुरलेली. कोर्टे निराळी, कायदे निराळे, निजामाच्या राज्यात तर वरच्या वर्गांतले शिक्षणही उर्दूतून. अशा स्थितीत नागपूरचा वकील आणि सावंतवाडीचा शाळामास्तर हे दोघे आपण एकाच मुलखाचे आहोत असे कशाच्या आधारावर मानू लागले?

या प्रश्नाची ठरलेली उत्तरे आहेत. ज्ञानोबा-तुकारामांची वाणी, पंढरीची वारी, शिवछत्रपतींचे स्मरण. ही उत्तरे खरी आहेत आणि व्याख्यानमालांतून त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हांला त्यांच्या जोडीस एक चौथे उत्तर ठेवावयाचे आहे. पहिल्या तिहींच्या मानाने ते अगदीच किरकोळ वाटेल. कारण ते कागदी वेष्टनात गुंडाळलेले असे, त्यावर टपालाचे तिकीट असे, आणि महिन्याच्या महिन्याला पोस्टमन ते आणून टाकी. आम्ही मासिकांबद्दल बोलत आहोत. मराठी माणसाने सुमारे शंभर वर्षे मासिकांवर जे प्रेम केले त्यातून त्याचा महाराष्ट्राभिमान पुष्कळसा घडत गेला, असे आमचे म्हणणे आहे. तो अभिमान कोठे रुंद होता आणि कोठे अरुंद होता, हेही त्याच पानांवर दिसते. तेव्हा तेही सांगितले पाहिजे.

आरंभ अर्थातच बाळशास्त्री जांभेकरांपासून. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा तरुण पंडित. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' काढले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. 'दर्पण' १८४० मध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' सुरू केले. मराठीतले पहिले मासिक ते हेच. वर्तमानपत्राकडून मासिकाकडे जाण्यात आम्हांला एक समजूतदार हेतू दिसतो. वर्तमानपत्र काल काय झाले ते सांगते आणि उद्या शिळे होते. मासिक महिनाभर घरात राहते, शेजारी ते मागून नेतो, वर्षअखेर त्याची बांधणी होते आणि मुलगा मोठा झाला म्हणजे तोही तेच चाळतो. भूगोल, इतिहास, सृष्टिशास्त्र या विषयांना असेच टिकाऊ घर हवे होते. याच बाळशास्त्र्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी छापून काढली आणि पुढच्याच वर्षी, ऐन उमेदीत, ते वारले.

पण मासिक छापले म्हणजे ते पोचले असे होत नाही. येथे सरकारी टपालखात्याचे ऋण मान्य करावे लागते, मग ते खाते परक्या सरकारचे का असेना. १८५४ च्या कायद्यापासून टपालाचा आकार अंतरावर न राहता वजनावर ठरू लागला. मुंबईहून ठाण्यास पत्र पाठवावे की शेकडो मैलांवर नागपुरास पाठवावे, अर्धा आणाच पडे. त्याआधी एक वर्ष, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झालेली होती. १८६७ च्या आरंभी रूळ नागपुरास पोचले. पुढे १८७७ मध्ये व्ही. पी.ची सोय झाली आणि १८८० मध्ये मनिऑर्डरची. संपादकाने अंक पाठवावा, पोस्टमनने तो दारात देऊन पैसे घ्यावेत, आणि ते पैसे संपादकाकडे परत पोचावेत, ही योजना आज साधी वाटते. पण छापखान्याचे बिल थकलेल्या संपादकाचा श्वास तिच्यावर चाले. जुन्या मासिकांच्या मलपृष्ठावर वर्गणीदारांना केलेली विनवणी ज्यांनी वाचली असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको. मराठी माणसाचे मासिकांवरचे प्रेम मोठे खरे. परंतु त्या प्रेमाचा बराच भाग शेजाऱ्याचा अंक मागून आणून वाचण्यात खर्ची पडे.

१८६७ च्या जुलैमध्ये 'विविधज्ञानविस्तार' निघाले. त्याच वर्षी आगगाडी नागपुरास गेली. या दोहोंचा कार्यकारणसंबंध आम्ही जोडीत नाही, पण योग मोठा सुरेख आहे. या मासिकाचे आद्य संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे. त्यांनी आपल्या मासिकातून 'मोचनगड' ही शिवकालातली कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. १८७१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. आम्हांला तिच्या गुणदोषांपेक्षा ती ज्या रीतीने वाचली गेली त्याचे महत्त्व अधिक वाटते. एकाच प्रकरणापाशी चार निरनिराळ्या राजवटींतले वाचक महिनाभर थांबून राहिले, आणि पुढचा अंक आल्यावर सगळे एकदमच पुढे सरकले. जी माणसे एकमेकांना कधी भेटणार नव्हती ती एकाच गडाच्या वाटेवर एका महिन्यात एकत्र आली. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे विनोदी लेख याच 'विस्तारा'त येऊ लागले. 'महाराष्ट्रगीत' लिहिणारे हे कोल्हटकर नागपुरास जन्मले आणि वऱ्हाडात वकिली करीत राहिले. म्हणजे त्या वेळच्या सरकारी हिशेबाने ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे रहिवासी! ज्या मुलखाचे गीत त्यांनी गायिले त्या मुलखाला तेव्हा ना राजधानी होती, ना हद्द.

आता 'निबंधमाला'. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेचा पायंडा १८७५ साली पाडला. त्याच्या एकच वर्ष अगोदर, जानेवारी १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. ऐकणारा श्रोता आणि वाचणारा वर्गणीदार हे दोघे असे एका वर्षाच्या अंतराने तयार होऊ लागले. ते दोघे पुष्कळदा एकच असत हेही खरे. विष्णुशास्त्री त्या वेळी सरकारी शाळेत शिक्षक होते. सरकारची चाकरी करावी, आणि घरी येऊन सरकारी वळणाच्या विद्वानांना झोडपून काढणारे मासिक जवळजवळ एकट्याने लिहावे, हा त्यांचा क्रम. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. ८४ अंक काढून माला थांबली, आणि १७ मार्च १८८२ रोजी वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याच्या आत विष्णुशास्त्री गेले.

मालेचा पहिला निबंध मराठी भाषेच्या सद्यःस्थितीवर आहे आणि शेवटचा आपल्या देशाच्या स्थितीवर. भाषेपासून निघालेला लेखक सात-आठ वर्षांत देशापाशी पोचला. शेवटच्या निबंधावर पुढे सरकारने बंदी घातली, यावरून तो नेमका कोठे पोचला होता हे सरकारला कळले असले पाहिजे. आमच्या मते महाराष्ट्राभिमानाची सबंध वाटचाल या दोन मथळ्यांत सामावली आहे. आपली भाषा दरिद्री नाही, तिच्यात सर्व विषय लिहिता येतात, हे आधी सिद्ध करावयाचे. मग ती बोलणारे लोक दरिद्री का झाले, हे विचारावयाचे. विष्णुशास्त्र्यांना मराठी भाषेचे शिवाजी म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळे.

परंतु या अभिमानाची दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. याच मालेत विष्णुशास्त्र्यांनी जोतीराव फुल्यांची टवाळी केली; त्यांच्या विचारांचा समाचार घेण्याऐवजी त्यांच्या व्याकरणावर कोरडे ओढले. फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पवाडा लिहून त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणले होते. एक शिवाजी शुद्ध गद्याच्या मैदानात लढणारा, आणि एक कुळंबी-माळ्यांच्या झोपडीतला. दोघांची गाठ एका मासिकाच्या पानावर पडली, आणि मासिकाने एकाला दाराबाहेर उभे केले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' हे साप्ताहिक काढले, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले. त्याची गरज का भासली, याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. ज्याला दुसऱ्याच्या मासिकात जागा मिळत नाही त्याला स्वतःचा छापखाना शोधावा लागतो.

विष्णुशास्त्र्यांच्या नावावर आणखी एक काम आहे, त्याचा मात्र बोलबाला कमी झाला. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू झाले. त्यात त्यांच्याबरोबर काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक हे होते. जुन्या कविता आणि जुन्या बखरी जशाच्या तशा छापून काढावयाच्या, एवढाच त्या मासिकाचा उद्योग. आज सभासदाची बखर कोणत्याही ग्रंथालयात मिळते. १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिली गेलेली ही बखर सान्यांनी संपादून या मासिकातून लोकांपुढे आणली, हे किती जणांच्या लक्षात असते? तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफने लिहिला तेवढा, अशी सुशिक्षितांची समजूत होती. त्या इतिहासाला उत्तर द्यावयाचे तर कागद हवेत. कागद वाड्यांतल्या लाकडी पेट्यांत, रुमालांत बांधलेले, मोडीत लिहिलेले, वाळवीने अर्धे खाल्लेले. ते मिळवावयाचे, मोडी वाचून बाळबोधीत उतरावयाचे, आणि छापावयाचे. यास पैसा कोण देणार? सरकार देणार नव्हते. प्रकाशकाला त्यात नफा नव्हता. उरला तो वर्गणीदार. महिन्याला थोडी थोडी पाने छापावीत, वर्षाची वर्गणी आगाऊ घ्यावी, आणि इतिहासाचा संसार असा उधारीवर चालवावा, ही युक्ती मासिकाने शक्य केली.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचेच पाहा. शाळेत मुलांना संस्कृत शिकवावे आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरांत बुडून जावे, हे या गृहस्थाचे आयुष्य. १८९७ साली त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' मासिकाच्या रूपाने छापण्यास आरंभ केला, आणि १९२४ मध्ये देह ठेवीपर्यंत ते काम सोडले नाही. पेशवाईच्या उत्तरकाळावर लिहिणारा कोणताही अभ्यासक त्या खंडांना ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. त्यांचे वर्गणीदार किती असतील ते असोत. पण प्रत्येकाच्या दारात दरमहा जे पडत होते ते मनोरंजन नव्हते. फौजेचे खर्च, तहांची कलमे, कुणाच्या बायकोच्या आजारपणाची बातमी, कुणा सरदाराचे रुसवे. अशी रुक्ष पाने वाचण्यासाठी पैसे मोजणारा वाचक ज्या समाजात होता, त्या समाजाच्या अभिमानाला आम्ही पोकळ म्हणणार नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ चा. दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे 'इतिहाससंग्रह' मासिक १९०८ पासूनचे. हे सारे एकाच पेरणीचे पीक आहे.

मासिक चालविणे नेहमीच असे शांतपणाचे काम नव्हते. कोल्हापुरास विष्णु गोविंद विजापूरकरांनी 'विश्ववृत्त' चालविले होते. त्यात १९०८ मध्ये सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख आला. विषय वेदांचा, पण सरकारला त्यात राजद्रोह दिसला. विजापूरकर तुरुंगात गेले आणि त्यांच्याबरोबर वामन मल्हार जोशीही तीन वर्षे सक्तमजुरी भोगून आले. 'रागिणी' लिहिणारे वामनराव ते हेच.

आतापर्यंत आम्ही पुणे-मुंबईच्या आसपासच फिरलो. मासिकांचा महाराष्ट्र खरा कळावयाचा असेल तर दूर गेले पाहिजे, आणि तेही बरेच दूर. १८८६ साली 'केरळकोकिळ' नावाचे मराठी मासिक निघाले. ते निघाले कोचीनहून! कऱ्हाडजवळच्या टेंभूचे कृष्णाजी नारायण आठल्ये पोटापाण्यासाठी मलबाराकडे गेले, आणि तेथून त्यांनी मराठी मासिक सुरू केले. पुढे ते मुंबईस आणले. मासिकाच्या नावात केरळ, आणि आठल्यांच्या नावामागे लागलेली पदवी 'महाराष्ट्रभाषाचित्रमयूर'. चहूकडे मल्याळी बोलणारे लोक, आणि हा मनुष्य खिडकीशी बसून मराठी कोडी, कविता आणि पुस्तकांवरचे अभिप्राय लिहीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे राज्याभिमान या शब्दाचा नकाशाशी संबंध किती सैल आहे ते कळते.

जळगावचे नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून 'काव्यरत्नावली' चालविली. केवळ कवितेला वाहिलेले मासिक, आणि तेही खानदेशात. आणि ते चालले जवळजवळ अर्धशतक, १९३५ पर्यंत. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' हे नाव मिळाले, त्यामागेही फडणिसांचीच खटपट होती. नागपुरास गोपाळराव ओगल्यांनी १९१४ मध्ये पत्र काढले आणि मध्यप्रांताच्या राजधानीत बसून त्याचे नाव ठेवले 'महाराष्ट्र'. बडोद्यास, गायकवाडी राज्यात, १९४३ मध्ये 'अभिरुचि' निघाले आणि पुढच्या दहा वर्षांत मराठी नवसाहित्याची बरीचशी उठाठेव तेथूनच झाली. सांगावयाचा मुद्दा असा की, १९६० मध्ये ज्या गावांना सीमारेषेने बाहेर ठेवले त्यांतली कित्येक गावे वर्गणीदारांच्या यादीत आधीपासून आतच होती.

घरातल्या माणसांपर्यंत मासिक नेले ते काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी. मूळ आडनाव आजगावकर, गाव सावंतवाडीकडचे; बंगालीचा छंद इतका की आडनावही बंगाली घेतले. त्यांचे 'मनोरंजन' १८९५ चे. तोवर मासिक म्हणजे बैठकीच्या खोलीतली वस्तू. 'मनोरंजन' माजघरात गेले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. बायका ते वाचू लागल्या आणि त्यात लिहूही लागल्या. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक डोळ्यांपुढे ठेवून मित्रांनी १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला. ही कल्पना परकी खरी, पण ती या मातीत अशी रुजली की, फराळाच्या ताटाशेजारी अंक नसेल तर दिवाळी अपुरी वाटावी. पुढे मराठी माणूस दिल्लीस गेला, लंडनला गेला, अमेरिकेत स्थायिक झाला, तरी चकलीच्या पिठाबरोबर त्याने दिवाळी अंकही मागविले.

१९२० हे साल या कथेत फार अर्थपूर्ण आहे. त्या साली लोकमान्य गेले, आणि काशिनाथ मित्रही गेले. त्याच साली तीन पत्रे निघाली आणि तिघांनी तीन निराळे महाराष्ट्र दाखविले. औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीला शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. नांगर आणि चरक करणाऱ्या कारखान्याचे ते छोटेसे बातमीपत्र. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि त्याला 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) अशी भावंडे झाली. गतवैभवाच्या गोष्टी ऐकून ऐकून तृप्त झालेल्या मराठी वाचकाला या मासिकाने विचारले की, तू आज काय तयार करतोस? शंकरराव मूळचे चित्रकार; त्यांच्या मुखपृष्ठांवरून हा नवा मराठी माणूस ताठ मानेने बाहेर पाहू लागला. दुसरे पत्र हैदराबादेतले साप्ताहिक, त्याचे नाव 'निजाम विजय'. नागपूरचे पत्र 'महाराष्ट्र' नाव घेऊन उभे होते. हैदराबादच्या मराठी पत्राला निजामाच्या विजयाचे नाव घेऊन मराठी भाषा जिवंत ठेवावी लागत होती. नावावरून त्याला हसणाऱ्यांनी त्या राजवटीत मराठी अक्षर छापणे काय होते याचा विचार करावा.

तिसरे पत्र मुंबईत ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक'. त्याला शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी' तयार झाला नाही, असे आंबेडकरांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. विष्णुशास्त्री आणि फुले यांच्या गोष्टीचीच ही पुढची पायरी. पण 'मूकनायका'चा अंक हाती घेऊन पाहावा. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग आहे. १९२७ मध्ये निघालेल्या 'बहिष्कृत भारता'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आहेत. ज्याला दाराबाहेर ठेवले होते तो घराच्या मूळ वतनाचा कागद हातात घेऊनच पुढे आला! याच आंबेडकरांनी १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे महाराष्ट्राच्या स्वतंत्र भाषिक प्रांताच्या बाजूने निवेदन सादर केले, हे आजही कित्येकांना सांगावे लागते.

असो. हा सगळा कागद साठत साठत १९४६ पर्यंत आला. त्या वर्षी मे महिन्यात बेळगावास साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते गजानन त्र्यंबक माडखोलकर, नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक. तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. राजकीय पक्षांच्या आधी लेखक आणि संपादक यांनी हा विषय हाती घेतला, यात आम्हांला आश्चर्य वाटत नाही. त्यांचा वाचक मुंबईत होता, नागपुरात होता, औरंगाबादेत होता आणि बेळगावातही होता. त्यांच्या लेखी महाराष्ट्र संयुक्तच होता. सरकारने तो तसा मानावा एवढाच प्रश्न होता. पुढचे सर्व ठाऊकच आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत समिती स्थापन झाली, त्याच नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला, आणि चार वर्षांनी राज्य झाले. बेळगाव मात्र त्यात आले नाही. 'मोचनगड' लिहिणाऱ्या गुंजीकरांची जांबोटी आजही राज्याबाहेरच आहे.

राज्य झाल्यावर मासिकांचे काय झाले? वाईच्या 'नवभारत'चे संपादन करणाऱ्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशांकडे राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद आले आणि मराठी विश्वकोशाचे काम त्यांनी वाईतूनच उभे केले. मासिकाची बैठक ही सरकारी संस्था झाली. हे चांगलेच झाले; पण वर्गणीदार जे करीत होता ते सरकारने करावे, अशी सवयही तेव्हापासून लागली. 'सत्यकथे'ने मराठी कथा-कवितेला कडक शिस्त लावली. ती शिस्त न मानवणाऱ्या तरुणांनी १९६९ साली तिच्या अंकाची होळी केली. या प्रसंगाविषयी पुष्कळ जण खेदाने बोलतात. आम्हांला त्यात मासिकाचा मानच दिसतो. ज्या मासिकाने कोणाचे काही बिघडत नाही ते जाळण्यासाठी रस्त्यावर कोण येईल? त्याच सुमारास औरंगाबादेहून गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले आणि दलित साहित्याला आपले हक्काचे पान मिळाले. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तिला कोणी जाळून मारले नाही; वर्गणीदार कमी झाले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. आम्हीही एक घेतला. पण ज्या मासिकांच्या पानांवर या भाषेने आपले आधुनिक रूप घडविले ती पाने आज कोणत्या अवस्थेत आहेत, हे विचारल्यावाचून राहवत नाही. शंकर गणेश दाते यांनी एकहाती मराठी ग्रंथांची सूची केली. १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी नियतकालिकांचीही एक सूची आहे. दाते १९६४ मध्ये वारले आणि ती १९६९ मध्ये, त्यांच्या मागून, प्रसिद्ध झाली. ती सूची सहज कोठूनही उघडून पाहावी. गावे वाचावीत: लहान लहान तालुक्यांची गावे, संस्थानांची गावे, आज जेथे धड वाचनालयही उरले नाही अशी गावे. प्रत्येक नावामागे कोणी एक मास्तर, वकील, वैद्य किंवा कारकून, ज्याने बायकोचे दागिने नाही तर निदान स्वतःची झोप गहाण टाकून अंक काढले.

सूचीत नाव आहे म्हणून अंक आहे असे नाही. १८७० नंतर कापडाच्या चिंध्यांच्या कागदाची जागा हळूहळू लाकडाच्या लगद्याने घेतली. हा कागद स्वस्त, म्हणून वर्गणी कमी ठेवता आली आणि वाचक वाढला. पण तोच कागद आतल्या आम्लाने पिवळा पडतो आणि शंभर वर्षांत पापडासारखा मोडतो. त्यामुळे असे होते की, १८४० च्या 'दिग्दर्शना'चे पान अजून वाकते, आणि १९२० चे पान बोट लागताच तुटते. राज्य मराठी विकास संस्थेने आणि काही जुन्या ग्रंथालयांनी दुर्मिळ अंकांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचे काम चालविले आहे. ते उत्तम आहे, पण जो अंक त्यांच्यापर्यंत पोचत नाही त्याचे छायाचित्र कोण घेणार? जुने घर विकले जाते, माळा रिकामा होतो, आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. तो वजनावर भाव करतो, त्यात त्याचा दोष नाही. 'विविधज्ञानविस्तारा'ची पुठ्ठ्यात बांधलेली वर्षे कोणाच्या माळ्यावर असतील, तर ती उन्हात वाळवू नयेत आणि चिकटपट्टीने सांधू नयेत. स्वच्छ कापडात गुंडाळून जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्यावीत. पाने उलटताना वरच्या कोपऱ्याला हात लावावा, खालचे कोपरे बहुधा आधीच गेलेले असतात.